‘घर तुमचंच समजा’

किल्ली हातावर ठेवताना घरमालक एक वाक्य हमखास बोलतो, ‘घर तुमचंच समजा.’ खान्देशात हे वाक्य चहाच्या कपासोबतच येतं आणि बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा खोट नसते. जामनेर तालुक्यातलं पहूर हे जळगाव-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं, वाघूरकाठचं गाव. पेठ आणि कसबे अशा दोन ग्रामपंचायती आणि आजूबाजूच्या खेड्यांचा सतत राबता. अशा गावात बदलीवर आलेले शिक्षक, परिचारिका, बँकेतले कर्मचारी, मुलांच्या शाळेसाठी खेडं सोडून आलेली कुटुंबं असे भाडेकरू कायम असतात. सहा महिने झाले, घराची सवय झाली, की त्या वाक्यावर विसंबून हातोडी हातात येते. इथे ओटा उंच करून घ्यावा, तिथे मोरीला टाइल्स लावाव्यात, पत्र्याखाली पीओपी करून घ्यावं. अनुभवाचे बोल म्हणून मला सांगायचं आहे ते एवढंच, की भाडेकरूचे पैसे घर बिघडवल्याने जेवढे बुडतात, त्याहून जास्त ते घर सुधारल्याने बुडतात. बिघडवणाऱ्याला आपण चुकलो हे ठाऊक तरी असतं. सुधारणारा मात्र आपण उपकार करतोय अशा समजुतीत असतो, आणि हिशोबाच्या दिवशी त्याच्या हातात एकही कागद नसतो.

साध्या कुलरचंच घ्या. एप्रिल संपता संपता पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी माणूस बसू शकत नाही. कुलर हवाच, त्यावर वाद नाही. पण खिडकी जुन्या मापाची, लोखंडी गजांची. मग वेल्डिंगवाला येतो, दोन-तीन गज कापतो, बाहेरून भिंतीत दोन अँगल ठोकून स्टँड बसवतो. उरलेली फट पुठ्ठ्याने नाहीतर प्लायने बुजवली जाते. काम तासाभराचं. पुढचे अडीच महिने त्या कुलरच्या गवतातून झिरपणारं पाणी अँगलच्या भोकातून भिंतीत उतरत राहतं. भिंत मातीच्या जुडाईची असेल तर ऑगस्टपर्यंत आतल्या बाजूने लोणा लागतो, रंगाला फोड येतात आणि बोट लावलं की गिलाव्याचा पापुद्रा हातात येतो. कापलेले गज तोवर भंगारात गेलेले असतात. घर सोडताना कुलर तुम्ही घेऊन जाता, मागे राहते ती गज नसलेली खिडकी आणि ओली भिंत. डिपॉझिटमधून मालक पैसे कापतो तेव्हा त्याला कंजूष म्हणणं सोपं आहे. खिडकीचे गज त्याच्या घराची सुरक्षा होते, हे आपल्याला तोवर सुचलेलं नसतं.

जुन्या घरांच्या बाबतीत तर सुधारणा या शब्दावरच माझा विश्वास राहिलेला नाही. गावठाणातली धाब्याची, सागवानी खांबांची घरं अजून भाड्याने मिळतात, आणि स्वस्त मिळतात. त्यांच्या मातीच्या भिंती ओल घेतात आणि सोडतात. त्यांचा जीव त्या श्वासोच्छ्वासावर आहे. अशा भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा मारला की ती दिसते छान, पण ओल आत अडकते. दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचं कवच सुटतं आणि सुटताना आतली माती घेऊन येतं. धाबं गळतं म्हणून त्यावर कोबा केला, तर खालच्या तुळयांवर त्यांनी कधी न पेललेलं वजन येतं. हे गावातल्या कोणत्याही जुन्या गवंड्याला विचारलं तरी तो सांगेल, पण भाडेकरू बहुधा त्याला विचारत नाही, कारण काम स्वस्तात करणारा दुसरा कोणीतरी मिळालेला असतो. म्हणजे ‘मी तर घर चांगलंच केलं’ हा दावा पुष्कळदा वस्तुस्थितीलाच धरून नसतो. तो धरून असतो तेव्हाही तुमच्या कामी येत नाही, ते पुढे सांगतो.

कायदा इथे बराच स्पष्ट आहे, आणि तो भाडेकरूच्या विरोधात आहे असंही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ज्या भागाला लागू आहे तिथे कलम १६ सांगतं की मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने जागेत पक्कं बांधकाम उभारलं, तर तेवढ्यावर घर खाली करून मागता येतं. पण त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे, जे भाडेकरूंनी भिंतीवर चिकटवून ठेवावं असं आहे. लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा, दरवाजा, जाळीकाम, हवेसाठी लागणारी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्टची जागा, धुराची चिमणी ही कामं, जिथे लागते तिथे नगरपालिकेची परवानगी घेऊन केली असतील, तर ती पक्कं बांधकाम धरली जात नाहीत. जिथे हा कायदा नाही, अशी खेडी पुष्कळ आहेत, तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा उभा असतो. त्याचं कलम १०८ शेतीच्या कारणाखेरीज पक्कं बांधकाम मालकाच्या संमतीशिवाय करू देत नाही. मात्र तेच कलम भाडेकरूला एक मोठा हक्कही देतं: स्वतः बसवलेल्या वस्तू तो काढून नेऊ शकतो, घर मिळालं होतं त्या स्थितीत परत करण्याच्या अटीवर. हा हक्क जागा ताब्यात असेपर्यंतचा आहे. किल्ली परत दिल्यावर ‘माझा गीझर राहिला’ म्हणत गेलात, तर तुम्ही हक्कदार उरत नाही, पाहुणे होता. जर्मनीत बरीच घरं स्वयंपाकाच्या ओट्याशिवायच भाड्याने देतात. भाडेकरू कपाटं-सिंकसकट अख्खं स्वयंपाकघर आणतो आणि जाताना उचकटून नेतो. आपल्याकडे कडाप्पा भिंतीत चिणण्याची सवय असल्याने ती चैन नाही, पण तत्त्व तेच.

पक्कं कशाला म्हणायचं, यावर मात्र वर्षानुवर्षं खटले चालतात. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओमप्रकाश विरुद्ध अमरसिंग या प्रकरणात म्हटलं की खोलीत आडोसा घालणं, खिडकी उघडणं, कपाट करणं अशा किरकोळ फेरफारांनी इमारतीचं स्वरूप बदलत नाही. भाडेकरूंचे वकील हा निकाल पुढे करतात. पण २०१२ मधला पुरुषोत्तमदास बांगूर यांच्या खटल्यातला निकाल आपल्याकडच्या पत्र्याच्या घरांत राहणाऱ्यांनी ऐकून ठेवावा. कोलकात्यातल्या त्या जागेत भाडेकरूने स्वयंपाकघराचा आणि कोठीचा पत्रा काढून वर काँक्रीटचा स्लॅब टाकला होता, शिवाय विटांची पक्की वाटही बांधली होती. न्यायालयाने कौल मालकाच्या बाजूने दिला. पक्कं म्हणजे अजरामर नव्हे. काम कशाचं आहे आणि ते कोणत्या हेतूने केलं, ते पाहायचं, असा त्याचा रोख. पत्रा काढून स्लॅब टाकणं ही कुठल्याही गृहस्थाला सुधारणाच वाटेल. आणि त्याच सुधारणेपायी घर गेलं.

यावर पहिली हरकत ठरलेली असते. मालकाचा तर फायदाच झाला, मग खर्च त्याने द्यायला नको का? न्यायाच्या भाषेत ही हरकत वजनदार आहे, मलाही ती पटते. पण कायद्यात तिला जागा सापडत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५१ सुधारणेचा मोबदला देतं, तो जागा प्रामाणिकपणे स्वतःच्याच मालकीची समजून खर्च करणाऱ्याला. महिन्याच्या पाच तारखेला भाडं मोजणारा माणूस स्वतःला मालक समजत होता, असं कोण मानेल? ‘तुमचंच समजा’ हे वाक्य इथे कामाला येत नाही. थोडं हुशार उत्तर दुसरं आहे. हल्ली अकरा महिन्यांचे लीव्ह अँड लायसन्सचे करार होतात, आणि परवान्याच्या आधारे परवानाधारकाने खर्चून पक्कं काम केलं तर परवाना मागे घेता येत नाही, असं भारतीय सुखाधिकार कायद्याचं कलम ६० म्हणतं. खरं आहे, आणि १९८७ मध्ये एका शाळेला सर्वोच्च न्यायालयात याचा आधार मिळालाही. मात्र काम ‘परवान्याच्या आधारे’ झालेलं असावं लागतं. राहण्याचा परवाना हा बांधण्याचा परवाना नसतो, आणि आजच्या छापील करारांत ‘कोणताही फेरफार करणार नाही’ ही ओळ जवळजवळ नेहमीच असते. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या राहत्या घराच्या करारात मुदत संपूनही थांबलात, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. टाइल्सचं बिल दाखवून ते टळत नाही.

दुसरी हरकत जास्त खरी आहे. मालक डागडुजीच करत नाही; छत गळतंय, संडासचा दरवाजा कुजलाय, फोन उचलत नाही. मग भाडेकरूने काय छत्री धरून झोपायचं? इथे मी पूर्णपणे भाडेकरूच्या बाजूने आहे, आणि कायदाही आहे. फक्त डागडुजी वेगळी आणि सुधारणा वेगळी, हे मनात पक्कं हवं. १९९९ च्या कायद्याचं कलम १४ म्हणतं की, उलट करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत त्याने दुरुस्ती केली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, वर्षभराच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. महिना चार हजार भाडं असेल तर वर्षाचे बारा हजार. गळका पत्रा बदलायला, नळ-पाइप नीट करायला एवढे बहुधा पुरतात. जुन्या मालमत्ता कायद्यातही नोटीस देऊन दुरुस्ती करण्याचा आणि खर्च भाड्यातून कापण्याचा मार्ग आहे, मात्र ती दुरुस्ती मालकाच्या गळ्यात असलेली हवी. दोन्हीकडे पहिली पायरी लेखी नोटीस हीच. पोस्टाची पावती जपून ठेवलेला भाडेकरू मी फार क्वचित पाहिला आहे, संतापलेले मात्र रोज दिसतात.

तिसरी हरकत म्हणजे, ‘विचारलं होतं, आबा हो म्हणाले होते.’ म्हणाले असतीलच. पण भाडे नियंत्रण कायद्याला संमती लेखी लागते, आणि काम होताना मालक येऊन बघून गेला, चहा पिऊन गेला, याला लेखी संमती म्हणत नाहीत. त्याहून अवघड प्रश्न असा, की आबा म्हणजे एकटे मालक आहेत का? आपल्याकडची घरं वडिलोपार्जित. एक भाऊ गावात, एक सुरतेला, एक पुण्याला, बहिणींचे हिस्से निराळे. भाडं गोळा करणाऱ्या भावाने दिलेला होकार वाटणीच्या वेळी बाकीचे नाकारतात, आणि भांडण भावाभावांचं असूनही बाहेर भाडेकरू पडतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर कोणाची नावं आहेत, हे एकदा पाहून घ्यावं. तो मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, पण सही कोणाकोणाची हवी याचा अंदाज त्यावरून येतो. मोबाइलवरचा संदेश कागदापेक्षा कमकुवत, पण तोंडी होकारापेक्षा बरा. निदान तारीख तरी राहते.

घरापेक्षा मोठा फटका गाळेवाल्यांना बसतो, पण त्यांचं गणित सोपं आहे. औषधांचं दुकान असो, मोबाइलचं असो की कृषी केंद्र, फर्निचर-काच-लाइटमध्ये घातलेली रक्कम वर्षभराच्या भाड्याच्या कितीतरी पट असते आणि करार अकरा महिन्यांचा. इतका खर्च करायचा असेल तर आधी मुदत वाढवून नोंदणीकृत करार करा, नाहीतर सगळं फर्निचर नटबोल्टवर उभं करा.

‘एवढी लिखापढी करायला लागलो तर मालकाला वाटेल, हा माणूस कोर्टकचेरीचा दिसतो,’ ही शेवटची हरकत कायद्याची नाही, गावात राहण्याची आहे. म्हणूनच ती सगळ्यात जास्त माणसांना थांबवते. गावात घर ओळखीवर मिळतं, आणि ओळखीच्या माणसासमोर कागद काढणं अपमानासारखं वाटतं. मला वाटतं, कागद लिहिण्याची रीत बदलली तर हा अपमान उरत नाही. वहीच्या पानावर चार ओळी पुरतात: कोणतं काम करायचं, खर्च कोणाचा, घर सोडताना ते काढून न्यायचं की तिथेच ठेवायचं, आणि ठेवायचं तर भाड्यात किंवा डिपॉझिटमध्ये किती वळते होणार. खाली दोघांची सही, तारीख आणि कामाआधीच्या भिंतीचा, खिडकीचा फोटो. मालकालाही यात भलं आहे, कारण कापलेल्या गजांचा खर्च कोणाचा हे त्याला आधीच कळतं. सही करायला जो मालक नाही म्हणतो, त्याचा नकार काम होण्याआधी कळणं हीही कमाईच.

हा कागद फेब्रुवारीतच करून घ्या. मे महिन्यात दारात आलेला कुलरवाला सहीसाठी थांबत नाही.