मुंबईहून दोन वासंतिक सहली

मोठ्या शहरात राहणाऱ्या माणसाला ऋतू पालटल्याची वार्ता बहुधा मंडईतून कळते. कैऱ्यांचे ढीग दिसले म्हणजे फाल्गुन सरत आला, करवंदांची पाटी आली म्हणजे वैशाख लागला, असा त्याचा हिशेब असतो. ज्या झाडाकडे पाहून महिना ओळखावा, असे झाड त्याच्या खिडकीसमोर क्वचितच उरलेले असते. मुंबईकरांची तर ही अवस्था विशेषच आहे. परंतु या नगरीला एक भाग्य लाभले आहे, ते म्हणजे तिची आगगाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी सुमारे ३४ किलोमीटरांची पहिली प्रवासी गाडी धावली. पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणास पोहोचला, आणि हळूहळू एका बाजूस सह्याद्री व दुसऱ्या बाजूस उत्तर कोकणचा किनारा ही दोन्ही एका दिवसाच्या टप्प्यात आली. रविवारी पहाटे निघावे, भाकरी बरोबर घ्यावी आणि दिवेलागणीनंतर घरी परतावे, एवढ्या अल्प खर्चात सामान्य माणसाला रान आणि दर्या पाहता येऊ लागला.

शिक्षणासाठी काही वर्षे मुंबईत राहण्याचा योग आम्हांस आला होता. त्या काळात केलेल्या अनेक सहलींपैकी दोन येथे सांगावयाच्या आहेत. एक घाटाची, एक समुद्राची, दोन्ही फाल्गुनातल्या. विद्यार्थी मित्रहो, केवळ मौजेचे वर्णन करावे हा या लेखाचा हेतू नाही. सहलीला निघताना तिकिटाखेरीज आणखी काय बरोबर घ्यावे लागते, हे आम्ही या दोन सहलींत शिकलो, आणि दुसऱ्या सहलीत ते काहीसे महागात शिकलो. ते तुम्हांस स्वस्तात मिळावे, एवढीच इच्छा.

पंचांगाप्रमाणे वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख. पण झाडे पंचांग पाहत नाहीत. कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी पळस, पांगारा व सावर ही झाडे माघ-फाल्गुनातच फुलू लागतात. म्हणून वसंत पाहावयाचा असेल तर होळीच्या आसपास निघावे, हे बरे.

पहिल्या सहलीत आम्ही कर्जतच्या लोकलने निघालो. कल्याणास लोहमार्गाच्या दोन शाखा होतात. एक कसाऱ्यावरून थळ घाटाकडे जाते, दुसरी कर्जतवरून बोरघाटाकडे. बदलापूर मागे पडले की इमारतींची गर्दी विरळ होते आणि भाताची कापलेली खाचरे दिसू लागतात. कोठे वालाची शेते वाळत आलेली असतात, तर कोठे शेतकरी पावसाळ्यातील रोपांसाठी राब भाजत असतो व त्याचा निळसर धूर डोंगराच्या कडेला रेंगाळतो. डोंगर उघडेबोडके, गवत पिवळे, आणि त्या पिवळ्या रानात मधूनच एखादे झाड असे पेटलेले की पाहणाऱ्याची नजर हटू नये. त्यावर पान एकही नाही, सगळी फुलेच. हाच पळस. कर्जतच्या पुढल्या स्थानकाचे नावच पळसदरी आहे. बंगालमध्ये १७५७ साली जी प्लासीची लढाई झाली, त्या गावाचे नावही पळसावरूनच पडलेले आहे.

पाने गाळून फुलण्यात या झाडांचे शहाणपण आहे. पावसाळा संपून चार-पाच महिने झालेले असतात, जमिनीतील ओल आटत चाललेली असते. पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते, म्हणून झाड पाने टाकून देते आणि पाणी राखते. उघड्या फांद्यांवरील लाल-केशरी फुले दुरून दिसतात, आणि मैना, बुलबुल, शिंजीर असे पक्षी मधासाठी येऊन परागांची ने-आण करतात. तिसरी गोष्ट बियांची. पळसाची शेंग चपटी, कागदासारखी पातळ असते. तिच्या टोकाशी एकच बी असते आणि उरलेला भाग पंखासारखा वाऱ्यावर तरंगतो. सावरीच्या बोंडातून म्हातारीसारखा कापूस उडतो. हे सारे पावसाच्या आधी व्हावयास हवे, म्हणजे बी जमिनीवर पडून पहिल्या सरींची वाट पाहील. फाल्गुनात फुलण्याचे हे वेळापत्रक आगगाडीच्या वेळापत्रकाहून जुने आहे आणि अधिक नेमाने पाळले जाते.

कर्जतला आम्ही पुण्याच्या गाडीत बसलो. घाट चढण्यापूर्वी अनेक गाड्यांना येथे मागून जादा इंजिने जोडतात, आणि तेवढ्या वेळात फलाटावर बटाटेवड्यांचा खप होतो. इंजिने का जोडावी लागतात, याचे उत्तर एका आकड्यात आहे. बोरघाटातील चढ काही ठिकाणी ३७ स १ इतका आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. पायी चालणाऱ्यास हा चढ जाणवणारही नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरते, त्यामुळे आगगाडीला तो फार मोठा. घाटाची उंची सुमारे ५६० मीटर. आता गणित करून पाहा. ३७ स १ या मानाने सरळ चढत राहिले तरी ५६० गुणिले ३७, म्हणजे जवळजवळ २१ किलोमीटर मार्ग लागतो. म्हणूनच लोहमार्ग डोंगराच्या कुशीतून वळसे घेत, बोगद्यांतून आत-बाहेर करीत वर जातो.

हे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार १८५९ साली कामावर येताच थोड्याच दिवसांत मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःकडे घेतले आणि जाणते अभियंते नेमून ते तडीस नेले. एके काळी तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीच्या साथींत आणि सुरुंगांच्या अपघातांत त्यांच्यापैकी हजारो मृत्यू पावले. त्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. बोगद्यात गाडी शिरली की मुले हौसेने ओरडतात, आम्हीही ओरडलो. पण हा इतिहास कळल्यानंतर पुढच्या बोगद्यात आम्ही गप्प बसलो होतो, हे आठवते.

लोणावळ्यास उतरून, दरीच्या कडेला बसून आम्ही भाकऱ्या खाल्ल्या. खाली कोकण उन्हात धुरकट दिसत होते आणि त्यात पळसांचे ठिपके मोजता येत होते. संध्याकाळच्या गाडीने परत आलो. ही सहल निर्विघ्न झाली, आणि आपण बरेच शहाणे झालो अशी आमची समजूत झाली.

दुसऱ्या सहलीत त्या समजुतीची परीक्षा झाली. पश्चिमेकडील लोहमार्गाने आम्ही चौघे मित्र केळव्याच्या किनाऱ्यास निघालो. तेव्हा विरारला उतरून पुढची गाडी धरावी लागे; २०१३ सालापासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली. भाईंदरजवळ मिठागरे लागतात, पुढे वसईची खाडी येते. खाडीपलीकडील वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतला, हे तुम्ही इतिहासात वाचलेच आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे आणि मग केळवे रोड. तेथून रिक्षाने गावात जावे. वाटेत केळीच्या बागा व पानवेलीचे मळे लागतात, आणि सुरूच्या बनातून बाहेर पडताच समुद्र समोर येतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. पाणी इतके दूर गेले होते की किनारा म्हणजे एक विस्तीर्ण मैदानच वाटत होते. आम्ही चौघेही गोव्याचे. समुद्राशेजारी वाढलेल्या माणसाने समुद्राची भीती काय बाळगावी, अशा ऐटीत आम्ही पाण्याच्या रेषेपर्यंत चालत गेलो व एका वाळूच्या उंचवट्यावर गप्पा मारीत बसलो. तासाभराने किनाऱ्याकडून हाका ऐकू आल्या. डोक्यावर खुब्यांची टोपली घेतलेली एक वयस्कर कोळीण हात हलवून आम्हांस बोलावीत होती. वळून पाहिले, तर आमच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या सखल पट्ट्यात पाणी शिरले होते. समुद्र समोरून येईल म्हणून आम्ही समोर पाहत होतो. तो पाठीमागून येऊन गेला होता. गुडघाभर वाटणारे पाणी वाटेत कमरेपर्यंत आले, आणि आमच्यातील एकास पोहता येत नव्हते. त्याचे दोन्ही हात धरून आम्ही बाहेर आलो, तेव्हा कोणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

मावशीने रागावण्याऐवजी एकच प्रश्न केला, “पोरांनो, आज तीथ कंची?” आम्ही तारीख सांगितली. ती म्हणाली, “तारखेनं दर्या चालत नाय.” चौघेही पदवीच्या वर्गात शिकणारे, पण त्या दिवशी फाल्गुन शुद्ध चतुर्थी होती हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. मग वाळूवर बसून तिने आम्हांस जो धडा दिला, तो असा.

तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी; जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणून भरती दुपारी तीन वाजता. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहा वाजता. अमावास्येस व पौर्णिमेस भरती बाराच्या सुमारास. भरतीपासून सुमारे सहा तासांनी ओहोटी, आणि दिवसातून हे चक्र दोनदा. शुद्ध व वद्य दोन्ही पक्षांना नियम एकच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, आणि हा हिशेब मुंबईच्या बाजूच्या किनाऱ्याचा आहे, हे मात्र लक्षात ठेवावे. याचे कारण भूगोलाच्या पुस्तकात आहेच. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे पडते. तिथी म्हणजे चंद्राचीच मोजणी. मग तिथीवरून भरती कळावी यात नवल ते काय?

घरी येऊन आम्ही पुस्तके चाळली, तेव्हा आमची दुसरी चूक ध्यानात आली. गोव्याच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणातही भरती व ओहोटी यांतील अंतर सुमारे दोन मीटरच असते; मुंबईस ते साडेचार-पाच मीटरांपर्यंत जाते. समुद्राची ओळख असल्याचा आमचा अभिमान खरा होता, पण ती ओळख दुसऱ्या समुद्राची होती. शिवाय केळव्याचा किनारा फार सपाट आहे. समजा, चढ १०० स १ आहे आणि पाणी ४ मीटर चढते. म्हणजे समुद्र ४०० मीटर आत येतो. तेही सारख्या गतीने नव्हे. सहा तासांपैकी पहिल्या व शेवटच्या तासात पाणी थोडेच चढते, आणि मधल्या दोन तासांत एकूण चढापैकी जवळजवळ निम्मे. ओहोटी नऊला आणि भरती तीनला, म्हणजे ते दोन तास अकरा ते एक. नेमके तेव्हाच आम्ही वाळूवर गप्पा मारीत होतो.

बोरघाटातील ३७ स १ हा चढ आम्ही गाडीत बसून गणितात सोडविला होता. किनाऱ्याचाही एक चढ असतो, हे मात्र पायांना कळले नव्हते. आगगाडी आपल्याला दूरच्या प्रदेशात दोन-तीन तासांत नेऊन सोडते. परंतु तेथील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मिळविलेले ज्ञान ती त्या तिकिटात देत नाही. ते विचारून घ्यावे लागते. म्हणून सहलीस निघताना आजची तिथी कोणती हे पाहावे आणि स्थळी पोहोचताच तेथील जाणत्या माणसाला दोन प्रश्न नम्रपणे विचारावेत. आता भरतीच्या वेळा हातातील फोनवरही मिळतात. त्या अवश्य पाहाव्यात, पण विचारण्याचे सोडू नये. जे परतीच्या गाडीत सुखरूप बसतात, त्यांचीच सहल झाली असे म्हणावयाचे.

शेवटी आपल्याविषयी एक गोष्ट. फुललेली सावर आणि पांगारा पाहावयास मुंबईकर शंभर किलोमीटर प्रवास करतो. ती झाडे आपल्या सत्तरीत आणि सांग्यात उभी आहेत. कुळ्याहून कॅसलरॉककडे चढणाऱ्या आपल्या घाटातील रेल्वेचा चढही ३७ स १ च आहे. आणि समुद्र तर आपल्या दाराशीच. ओहोटीला कोंकणीत सुकती म्हणतात, हे आपल्यापैकी लहान मुलासही ठाऊक असते. पण आज सुकती किती वाजता, हे कितीजण सांगू शकतील? आपल्या किनाऱ्याला पाऊणपटीचा नियम कितपत लागू पडतो, हे आपल्या गावच्या रामपणकारांना विचारावे, पंधरा दिवस काठावर उभे राहून वेळा टिपून ठेवाव्यात आणि पडताळून पाहावे. पुढील वर्षीच्या अंकात तुमच्यापैकी कोणी ती टिपणे लेखरूपाने द्यावीत. आम्ही ती आवर्जून वाचू.