शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या नोंदींचं काय करायचं?

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. करते. परळच्या एका शाळेत पाचवीच्या मुलांची चिंता जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत एकाच प्रश्नावलीने मोजली. चाळींच्या पुनर्विकासामुळे काही कुटुंबं विरार-डोंबिवलीला गेली. ती मुलं वगळू का?

उत्तर : अजिबात नको. घर सुटलेली मुलंच कदाचित जास्त चिंतेत असतील; ती काढलीत तर उरलेल्यांची सरासरी खोटा दिलासा देईल. नेहमीचं ॲनोव्हा एक नोंद चुकलेलं मूल सहसा आख्खं गाळतं. मिक्स्ड मॉडेल वापरा. ते प्रत्येक मुलाची स्वतंत्र रेषा धरतं आणि हाती असलेली प्रत्येक नोंद कामी आणतं. मात्र कोण, कधी, का गेलं हे लिहून ठेवा; गळतीचं कारण नोंदींत नसेल, तर हे मॉडेलही फसतं. तीन मापनांतून सरळ रेषेपलीकडे फारसं कळत नाही, जमल्यास चौथं घ्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३मध्ये सहा गावांत सुरू केलेला अभ्यास तर मुलांच्या जन्माआधीपासून त्यांच्या तारुण्यापर्यंत चालला.

या अभ्यासात समुपदेशनाचा परिणामही पाहणार असाल आणि त्यासाठी सर्वाधिक चिंतेचीच मुलं निवडली असतील, तर सावध राहा. टोकाचे गुण पुढच्या मोजणीत आपोआपही थोडे उतरतात. तुलनेला तशाच मुलांचा दुसरा गट हवा, आणि अभ्यास संपल्यावर त्यांनाही समुपदेशन मिळायलाच हवं.