वहीत न लिहिलेली बाटली

माझा मुलगा ४ वर्षांचा असताना त्याच्या पोटातली गाठ न्यूरोब्लास्टोमाची निघाली. केमो, ऑपरेशन, मूळपेशींचं प्रत्यारोपण, रेडिएशन असं सगळं झाल्यावर आयसोट्रेटिनॉइन सुरू झालं. १४ दिवस द्यायचं, १४ दिवस थांबायचं, अशा ६ फेऱ्या. त्याला गिळता येईना, म्हणून कॅप्सूल टोचून आतलं तेल मी तूपभातात कालवायची. हे औषध 'अ' जीवनसत्त्वाचं भावंड. उरलेल्या कच्च्या कर्कपेशींना ते वाढ सोडून चेतापेशींसारखं पिकायला लावतं.

त्याच दिवसांत जाऊबाईंनी बातमी दाखवली: दक्षिण कोरियात बीटा-कॅरोटीनने न्यूरोब्लास्टोमाच्या मूळपेशींना लगाम घातला. बातमी खोटी नव्हती. पण प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झाले होते, ते मी नजरेआड केलं. रोज दोन पेले गाजराचा रस सुरू केला. 'अ' जीवनसत्त्व आणखी मिळावं म्हणून कॉड लिव्हर ऑइलही. डॉक्टरांना सांगितलं नाही; रागावतील असं वाटलं.

तळहात पिवळे पडले. कावीळ म्हणून मी हादरले; डोळे मात्र पांढरेच होते, तो गाजराचा रंग होता. खरा घोर पुढे होता. पोर उलट्या करू लागलं, सारखं पाणी मागायचं, झोपाळलेलं असायचं. रक्तातलं कॅल्शियम चढलं होतं. आयसोट्रेटिनॉइननेही ते चढतं, त्यात मी त्याच जातीचं तेल ओतत होते. फेरी मध्येच थांबवावी लागली. त्या रात्री सलाइनशेजारी बसून मी डॉक्टरांना बाटली दाखवली.

म्हणून सांगते, घरातली प्रत्येक बाटली, काढा, चूर्ण औषधांच्या वहीत लिहा आणि पहिल्याच भेटीत दाखवा. डॉक्टर रागावले तर रागावू द्या. गाजर, लाल भोपळा, पपई, शेवग्याचा पाला जेवणात जरूर असू द्या. कॅरोटीनपासून 'अ' जीवनसत्त्व किती करायचं ते शरीर बेताने ठरवतं, त्यामुळे भाजी औषधाची जागा घेत नाही. बीटा-कॅरोटीनच्या गोळीची गोष्ट वेगळी. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चा रस तर नकोच. भाजी शिजवून, थोड्या तेलातुपात.

आणि टोचलेल्या कॅप्सूलला गरोदर बाईचा हात लागू देऊ नका, गर्भाला अपाय होतो. माझी बहीण तेव्हा पाचव्या महिन्यात होती. तूपभात कालवायला तीच पुढे यायची.