पोचा काढण्याचं करिअर

मुलगा म्हणतो, 'मला जुन्या गाड्या दुरुस्त करायच्यात,' आणि घरात शांतता पसरते. मग आई हळूच विचारते, म्हणजे जन्मभर पत्राच ठोकणार का? माझं उत्तर असं, की हो, पत्राच ठोकणार. पण तो कसा ठोकतात हे एकदा बघून या.

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी घ्या किंवा अॅम्बॅसेडर. इंजिनाचे भाग कसेही जमवता येतात. अडतं ते बंपर, जाळी, काचेभोवतीच्या पट्ट्या असल्या चकचकीत सामानापाशी. नवं मिळत नाही, चोरबाजारात मिळालं तर तेही चेपलेलं. त्यामुळे आहे तेच सरळ करणारा माणूस लागतो.

पोचा पडतो तेव्हा धातू कुठे जात नाही, फक्त जागेवरून सरकतो. स्टेनलेसची पट्टी असेल तर मागून छोट्या हातोडीने, पोच्याच्या कडेकडून मध्याकडे, अगदी हलके ठोके द्यायचे. मग वरून कानस नुसती फिरवायची. उंचवटा चमकतो, खड्डा काळाच राहतो. पुन्हा ठोका, पुन्हा कानस. जोर जास्त झाला की पत्रा ताणला जातो आणि पोच्याच्या जागी फुगवटा येतो. तो बसवणं पोच्याहून कठीण. पुढे २२०, ४००, ६०० असे पॉलिश पेपर, प्रत्येक आधीच्याला आडवा, म्हणजे राहिलेला ओरखडा दिसतो. शेवटी बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर चकाकी आणणं. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम, म्हणजे भांड्यांवर हातोडीने ठोके देण्याचं काम, ज्याने पाहिलंय त्याला या ठोक्यांची जात लगेच कळेल.

अॅल्युमिनियमचं गणित वेगळं. त्यावरचा अॅनोडाइझचा थर कॉस्टिक सोड्याने आधी उतरवावा लागतो, नाहीतर बफिंगनंतर चट्टे राहतात. खरी परीक्षा ओतीव जस्ताच्या सामानाची. क्रोमखाली फोड येतात, आत धातू पोखरलेला असतो. फोड खरवडायचे, तांब्याचा थर चढवून खड्डे भरायचे, घासायचं, मग निकेल आणि सगळ्यांत वर क्रोम. आपण ज्याला क्रोमची चकाकी म्हणतो ती बरीचशी निकेलची असते. क्रोमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो.

आता पालकांच्या काळजीचं. हे थर चढवण्याच्या, म्हणजे प्लेटिंगच्या टाकीतलं क्रोमियम कर्करोगाला कारण ठरू शकतं, त्यामुळे हवा खेचणारी यंत्रणा नसलेल्या शेडमध्ये मुलाला पाठवू नका. बफिंगचं चाक पट्टी हिसकावून घेतं. तिथे मास्क आणि चष्मा हवा, हातमोजे आणि सैल बाही नको. पहिल्या दिवशी हे न सांगणारा उस्ताद कितीही नावाजलेला असो, दुसरा शोधा.

आणि पैसा? नुसत्या पट्ट्यांवर सुरुवातीला पोट भरणार नाही. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी मिळाली. मूळ रूप राखायचं म्हणजे अशा कारागिरालाच काम. पण त्या गाड्या रोज रस्त्यावर आणायला परवानगी नाही, मालकही मोजकेच. म्हणून पाया रुंद ठेवा. आयटीआयमध्ये शीट मेटल वर्कर, वेल्डर, इलेक्ट्रोप्लेटर असे ट्रेड आहेत. त्यातला एक घ्या, अप्रेंटिसशिप करा, काही वर्षं साध्या गाड्यांचं डेंटिंग करा. पदवीच हवी असेल तर अमेरिकेत कॅन्ससच्या मॅकफर्सन कॉलेजात जुन्या गाड्यांच्या पुनर्बांधणीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. खर्च मात्र अमेरिकेचाच. त्यासाठी कर्ज काढा असं मी सांगणार नाही.

फॉर्म भरण्याआधी सुट्टीत एवढं करा. भंगारवाल्याकडून स्टीलची एक चेपलेली पट्टी वजनावर आणा, हातोडी आणि कानस मुलाच्या किंवा मुलीच्या हातात द्या आणि कौतुक करू नका. पहिल्या दिवशी पट्टी बिघडेलच. दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता ती पुन्हा हातात घेतली, तर आयटीआयची चौकशी करायला निघा.