बाजारातील पत आणि स्वतःची किंमत

व्यापार बसला, नोकरी सुटली की गृहस्थ प्रथम स्वतःलाच कवडीमोल ठरवितो. गीतेच्या ६ व्या अध्यायातील ५ व्या श्लोकात भगवंतांनी नेमका याचाच निषेध केला आहे: मनुष्याने आपणच आपला अवसाद करू नये. अवसाद म्हणजे खचणे.

देहूच्या तुकोबांकडे पाहावे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे दिवाळे निघाले, प्रथम पत्नी अन्नावाचून गेली. गावात पत उरली नाही. तरीही, परंपरा सांगते, त्यांनी विठ्ठलाचे मोडकळीस आलेले देऊळ स्वतः राबून सावरले आणि खतपत्रे इंद्रायणीत सोडली. ती खते लोकांकडील येण्याची होती, स्वतःच्या देण्याची नव्हेत. पुष्कळांचा येथे घोटाळा होतो. शिवाय बुडविली ती केवळ आपल्या वाट्याची. धाकटे बंधू कान्होबा यांची अर्धी खते त्यांच्या हवाली केली. त्यांना संसार चालवावयाचा होता.