डिझेलांत घालावयाचीं औषधें : लाभ किती, भ्रम किती

नांगरटीचा हंगाम जवळ आला म्हणजे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानांत व आठवड्याच्या बाजारांत रंगीत लेबलांच्या लहान बाटल्या दिसूं लागतात. टाकींत एक बाटली ओतली कीं डिझेल शेंकडा वीस वांचेल, धूर जाईल आणि इंजिनाचें आयुष्य दुप्पट होईल, असें विकणारा छातीठोकपणें सांगतो. हीं औषधें घ्यावींत कीं नाहीं, असा प्रश्न शेतकरी बंधु आम्हांस वारंवार विचारतात. यांत्रिक मशागतींत डिझेल ही खर्चाची मोठी बाब असल्यामुळें हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. शिवाय निवड चुकली तर बाटलीची किंमतच जाते असें नाहीं. प्रसंगीं पंप व नोझलही हातचे जातात. म्हणून ह्या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम विकणाऱ्याचा मुख्य युक्तिवाद तपासूं. इंजिनांत बरेंच डिझेल न जळतां धुराबरोबर वायां जातें व औषधानें तें पूर्ण जळतें, असें त्याचें म्हणणें असतें. हें ऐकावयास पटतें, परंतु खरें नाहीं. सुस्थितींतील डिझेल इंजिनांत जाणाऱ्या इंधनापैकीं शेंकडा अठ्याण्णवाहून अधिक भाग जळतोच. म्हणजे १०० लिटरांपैकीं न जळलेला भाग दोन लिटरांच्या आंतच असतो. औषधानें तो सर्वच्या सर्व जाळला, तरी दोन लिटरांहून अधिक लाभ कोठून यावा? मग बाकीची शक्ति जाते कोठें? जळलेल्या डिझेलच्या उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांश भाग प्रत्यक्ष कामीं येतो; जवळजवळ तितकाच तप्त धुराबरोबर निघून जातो; आणि उरलेला रेडिएटरच्या पाण्यावाटे व घर्षणांत खर्च होतो. ही वांटणी मुख्यतः इंजिनाच्या रचनेनें ठरलेली असते. टाकींत ओतलेल्या चमचाभर द्रवानें ती बदलत नाहीं.

काळा धूर पाहून कित्येकांस वाटतें कीं डिझेलचा डिझेल उडून चालला. वस्तुतः ती काजळी डोळ्यांस भरते तितकी वजनांत भरत नाहीं. तिचें कारण बहुधा तीनपैकीं एक असतें : एअर क्लीनर तुंबलेला, नोझल बिघडलेलें, किंवा इंजिनावर ताकदीबाहेर भार. ह्यांपैकीं पहिल्या व तिसऱ्या कारणांस बाटलींत उतारा नाहीं.

परंतु ह्यावरून इंधनांत मिसळलेलें कोणतेंच द्रव्य काम करीत नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. १९२१ सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेंत थॉमस मिज्ली व त्यांच्या सहकाऱ्यांस असें आढळलें कीं, शिशाचें एक संयुग अत्यल्प प्रमाणांत मिसळल्यास पेट्रोल इंजिनांतील ठोके थांबतात. १९२३ पासून तें पेट्रोल विक्रीस आलें आणि पुढें जगभर पसरलें. औषध खरोखरच लागू पडणारें होतें. परंतु शिसें हें विष आहे. १९२४ सालींच न्यू जर्सींत तें तयार करणाऱ्या कारखान्यांतील कामगार मृत्यु पावले. भारतांत शिसेंयुक्त मोटार पेट्रोलची विक्री २००० सालीं बंद झाली, व अल्जीरियानें २०२१ मध्यें तें बंद केल्यावर मोटारींसाठीं त्याची विक्री जगांतून संपली. ह्या इतिहासावरून दोन गोष्टी शिकावयाच्या : जें द्रव्य काम करतें, तें एका ठराविक दोषावर करतें, आणि तें काम करतें एवढ्यावरून तें निर्दोष ठरत नाहीं.

आतां आजच्या डिझेलकडे वळूं. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत भारत स्टेज ६ प्रतीचें डिझेल मिळतें. त्यांत गंधकाचें प्रमाण दहा लाख भागांत दहा भागांहून अधिक असूं नये, असा नियम आहे. गंधक काढण्याच्या क्रियेंत डिझेलचा स्वाभाविक वंगणगुण कमी होतो, व पंपाची झीज होण्याचा संभव उत्पन्न होतो. तथापि ही उणीव भरून काढणारें द्रव्य तेल कंपन्या विक्रीपूर्वींच मिसळतात. डिझेल वेळेवर पेट घेण्याचा गुण ज्या सेटेन अंकानें मोजतात, तोही किमान ५१ असावा लागतो. म्हणजे आवश्यक तीं द्रव्यें पंपावरील डिझेलांत आधींच असतात व त्यांची किंमत आपण भरलेली असते. त्यांवर पुन्हां तेंच घालणें म्हणजे पुरेसें खत दिलेल्या शेतांत दुसऱ्यांदा खत टाकण्यासारखें आहे.

मग बाटलीचा उपयोग कोठें? आमच्या मतें पुढील प्रसंगीं. नोझलांत साका बसून फवारा बिघडला असेल, तर चांगल्या प्रतीच्या स्वच्छताकारक द्रव्यानें तो कांहीं अंशीं निघतो. अशा वेळीं दिसणारी बचत नवी नसते, गमावलेली परत आलेली असते. आणि झिजलेलें नोझल त्यानें दुरुस्त होत नाहीं. पिंपांत फार दिवस सांठविलेल्या डिझेलच्या तळाशीं पाणी जमून त्यांत सूक्ष्म जंतूंचा चिकट काळा थर वाढतो, तेथें जंतुनाशक द्रव्य कामीं येतें. मात्र आधीं पाणी काढून टाकणें अवश्य. अति थंड प्रदेशांत डिझेल गोठूं नये म्हणूनही द्रव्यें मिसळतात. लडाखसाठीं इंडियन ऑईलनें २०१९ सालीं उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें डिझेलच काढलें. आपल्याकडील हिवाळ्यांत त्याची गरज नाहीं. राहतां राहिलें दोन स्ट्रोकच्या फवारणी पंपाच्या व ग्रास कटरच्या पेट्रोलांत मिसळावयाचें तेल. तें चैनीचें औषध नसून त्या इंजिनाचें एकमेव वंगण आहे. यंत्राच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रमाणांत तें घातलेंच पाहिजे.

ह्याच ओघांत दोन धोक्यांच्या सूचना देतों. डिझेलांत रॉकेल मिसळण्याची खोड अद्याप कोठें कोठें आहे. त्यानें वंगणगुण घटून पंप झिजतो. दुसरें, कांहीं नव्या मोठ्या वाहनांस युरियाचें शुद्ध द्रावण लागतें. त्याची टाकी निराळी असते. तें डिझेलच्या टाकींत कधींही ओतूं नये, आणि शेतांतील खताचा युरिया पाण्यांत विरघळवून त्याऐवजीं वापरूं नये.

"पण शेजाऱ्याचें डिझेल खरोखरच वांचलें," असें कोणी म्हणेल. शेजारी खोटें बोलतो असें आम्ही म्हणत नाहीं. औषध घालण्याच्या दिवशींच त्यानें एअर क्लीनर साफ केला असेल. त्या दिवशीं वापसा चांगला असेल. चालक अधिक सांभाळून चालवीत असेल. ह्यांपैकीं प्रत्येक गोष्टीनें डिझेलच्या खर्चांत फरक पडतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यानें इंधन वांचविणारीं म्हणून मिरविणारीं शंभराहून अधिक उपकरणें व द्रव्यें तपासलीं, तेव्हां फारच थोड्यांनीं अल्पशी बचत दाखविली. बहुतेकांनीं मुळींच नाहीं. आपल्या देशांत १९९६ सालीं तमिळनाडूंतील रामर पिल्लै ह्यांनीं पाणी व वनस्पति ह्यांपासून पेट्रोल करून दाखविल्याचा दावा केला. लोकांचा विश्वासही बसला. २०१६ सालीं चेन्नईच्या न्यायालयानें त्या इंधनाच्या विक्रींतील फसवणुकीबद्दल त्यांस तीन वर्षांची शिक्षा दिली. तात्पर्य, डोळ्यांदेखत दाखविलेला प्रयोगही मोजमापाशिवाय मानूं नये.

ज्यांस स्वतः परीक्षा करावयाची असेल त्यांनीं ती अशी करावी. एकाच शेताचे सारख्या जमिनीचे आठ समान पट्टे पाडावे. ट्रॅक्टर, अवजार, गिअर, खोली व चालक तेच ठेवावे. एका पट्ट्यास साधें व दुसऱ्यास औषधाचें डिझेल, असें आळीपाळीनें वापरावें. पट्टा संपला कीं टाकी त्याच सपाट जागीं त्याच खुणेपर्यंत भरून किती डिझेल लागलें तें मापानें मोजावें. औषधाचें डिझेल साध्यांत मिसळूं नये म्हणून शक्य तर निराळी लहान टाकी जोडावी. कोणत्या पट्ट्यास कोणतें डिझेल, हें चालकास कळूं देऊं नये. साध्या डिझेलच्या चार आंकड्यांत आपसांत जितका फरक पडतो, त्याहून औषधाचा फरक स्पष्टपणें मोठा नसेल, तर लाभ सिद्ध झाला नाहीं असें समजावें.

किमतीचाही हिशेब करावा. डिझेल ९० रुपये लिटर, टाकी ६० लिटरांची व बाटली ३०० रुपयांची धरूं. टाकीभर डिझेलचे ५४०० रुपये झाले. बाटलीची किंमत फिटावयासच शेंकडा साडेपांचांहून अधिक बचत व्हावी लागेल, नफा त्यापुढें.

खरी बचत कोठें आहे, तें आतां सांगतों. धुळीच्या कामांत एअर क्लीनर रोज पहावा. डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा व त्याखालचें पाणी सोडावें. संध्याकाळीं टाकी भरून ठेवावी, म्हणजे रात्रीं रिकाम्या जागेंत दंव धरत नाहीं. हलक्या कामास वरचा गिअर व कमी वेग योजावा. फाळ धारदार ठेवावा. टायरांतील हवा व वजन कामाप्रमाणें ठेवून चाकें फार घसरूं देऊं नयेत. उभें इंजिन बंद करावें. जोडांतून सेकंदास एक थेंब गळत असेल, तर दिवसाकाठीं सुमारें चार लिटर डिझेल मातींत जातें. तो जोड आवळण्यास एक पाना पुरतो.

बैल थकला तर आपण प्रथम त्याचें जूं, नाल व चारा पाहतों. एकदम वैद्याची पुडी आणीत नाहीं. इंजिनाविषयींही तोच क्रम ठेवावा. आधीं दोष शोधावा, मग त्या दोषाचें औषध विचारावें. आणि दोषच नसेल तर बाटलीचे पैसे फिल्टरसाठीं राखून ठेवावे, अशी आमची वाचकांस शिफारस आहे.