आधी ‘वीरधवल’ द्या

प्रश्न : आठवीतल्या मुलांना एकमेकांना सुचवण्यासाठी अद्भुत साहसाच्या जुन्या, गाजलेल्या कादंबऱ्या हव्यात. कोणत्या द्याव्यात?
– एक शिक्षिका, आहुपे

उत्तर : बाई, नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) आधी द्या. शिकारीला गेलेले नाथमाधव सिंहगडाच्या कड्यावरून पडले, कमरेखाली कायमचे अधू झाले आणि त्यानंतर कादंबरीकार झाले. कड्याच्या तोंडाशी वाढणाऱ्या आहुप्याच्या मुलांना हे जरूर सांगा. भाषा जुन्या वळणाची आहे, म्हणून पहिली काही प्रकरणं तुम्हीच मोठ्यानं वाचा. पुढे मुलं थांबणार नाहीत. मग टोल्किनचं ‘द हॉबिट’ (१९३७), मराठी अनुवादात. टोल्किनच्याच मोठ्या मुद्रिका-त्रयीची (‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’) घाई नको. शिफारस करताना मुलांनी गोष्ट फोडू नये; कुठल्या पानावर पुस्तक खाली ठेववेना, तेवढंच मित्राला सांगावं.